चार रेघांचे चित्र



ह्या मांडवात गेले काही दिवस मोठमोठे विषय होऊन गेले. राज्यघटना झाली, शेती झाली, संतवाङ्मय झाले. आज मात्र आपल्यापुढे एक निवृत्त चित्रकला-शिक्षक उभा आहे आणि त्याचा विषय आहे एक कागद. माझ्या उजव्या हाताला फळ्यावर तो टाचला आहे. पाठीमागच्या रांगांतल्या मंडळींना तो नीट दिसत नसेल, त्याबद्दल मी दिलगीर आहे. पण खरे सांगायचे तर पुढच्या रांगेतल्या मंडळींनाही त्यात फारसे काही दिसत नाही, हे मी त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखले आहे!

मघाशी मी टाचण्या लावीत असताना एक गृहस्थ जवळ आले. त्यांनी चित्र निरखले आणि आपुलकीने विचारले, "मास्तर, हे रंगवायचे राहिले वाटते?" त्या गृहस्थांचा मी ऋणी आहे. माझ्या व्याख्यानाचा विषय त्यांनी एका वाक्यात मांडला. चित्र राहिले आहे की झाले आहे, हे ओळखायचे कसे? आज मी एवढेच बोलणार आहे.

हा प्रश्न माझ्या दृष्टीने पुस्तकी नाही. त्या गृहस्थांसारखाच शेरा मी स्वतः एकदा मारलेला आहे. तोही तोंडी नव्हे, लाल पेन्सिलीने. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. वर्गाला विषय दिला होता, 'घरातील एक माणूस'. सगळ्या मुलांनी बाप, आई, बहीण काढून छान रंगवून आणली. एका मुलाने टाकाने शाईत काढलेले एक चित्र आणले. उंबऱ्याशी बसलेली म्हातारी. पाठीची एक कमान, गुडघ्याभोवती घेतलेल्या हातांच्या दोन रेघा, डोक्यावरच्या पदराची एक रेघ. तोंडावर नाक-डोळेसुद्धा नीट नव्हते. मी खाली लिहिले, 'अपूर्ण', आणि छाया-प्रकाश घालून आणायला सांगितले. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी फळ्यावरच्या ह्या कागदाकडे वळू.

हे चित्र जॉन फ्लॅक्समन ह्या इंग्रज शिल्पकाराचे आहे. होमरच्या इलियड महाकाव्यावर त्याने जी रेखाचित्रे काढली, त्यांपैकी हे एक. दोन पंखधारी पुरुष एक निर्जीव देह घेऊन आकाशातून चालले आहेत. बस्स, इतकेच. रंग नाही, छाया नाही, रणांगण नाही. ज्या युद्धात हा माणूस पडला, त्या युद्धाची एखादी ढालही चित्रकाराने बाजूला टाकलेली नाही.

कथा थोडक्यात सांगतो. ट्रॉयच्या युद्धात ट्रॉयच्या बाजूने लढणारा सार्पेडॉन हा लिशिया देशाचा राजा. हा लिशिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा. सार्पेडॉन हा देवांचा राजा झ्यूस ह्याचा मुलगा. पॅट्रोक्लसच्या हातून तो मरणार हे झ्यूसला दिसते आणि त्याला वाटते, आपण ह्याला उचलून सुरक्षित जागी न्यावे. तेव्हा हेरा त्याला बजावते की आज तू तुझा मुलगा वाचवलास तर उद्या प्रत्येक देव आपापला मुलगा वाचवील. झ्यूस ऐकतो. देवांच्या राजालाही आपला मुलगा वाचवता येत नाही. तो फक्त रक्ताच्या थेंबांचा पाऊस पाडतो. मुलगा पडल्यावर अपोलोकडून त्याचा देह धुवून घेतो आणि दोन जुळ्या भावांच्या हाती देतो. एक निद्रा आणि दुसरा मृत्यू. ग्रीक भाषेत ही दोन्ही नावे पुल्लिंगी आहेत, म्हणून निद्रा इथे पुरुष. ह्या दोघांनी त्याला त्याच्या गावी, त्याच्या भाऊबंदांकडे पोचवायचे. निद्रा आणि मृत्यू भाऊ आहेत, ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. आपणही 'चिरनिद्रा' म्हणतोच.

आता इतकी मोठी कथा आणि चित्रात इतके थोडे! हा चित्रकार कंजूष होता की काय? तो कोण होता ते पाहू.

फ्लॅक्समन 1755 साली यॉर्क येथे जन्मला. बाप प्लॅस्टरचे साचे आणि मूर्तींच्या प्रतिकृती करून विकणारा. लंडनमध्ये त्यांचे दुकान होते. मुलगा लहानपणी अतिशय अशक्त, पाठीला थोडा पोक. बाहेर खेळायला जाता येत नसे, म्हणून दुकानाच्या मांडणीमागे बसून तो चित्रे काढी आणि मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये जुनी पुस्तके वाची. भोवती प्लॅस्टरचे ग्रीक देव, हातात प्राचीनांच्या कथा. विशीत तो वेजवुड ह्या प्रसिद्ध चिनीमातीच्या कारखान्यासाठी नमुने करू लागला. त्याच सुमारास विल्यम हॅमिल्टन ह्या इंग्रज वकिलाने नेपल्सहून जमवलेली ग्रीक भांडी लंडनला आली होती. 1772 साली ती ब्रिटिश म्युझियमने विकत घेतली. त्यांतल्या एका भांड्यावरच्या चित्रावरून फ्लॅक्समनने वेजवुडसाठी होमरच्या गौरवाचा एक उठावदार फलक घडवला. म्हणजे ग्रीक कुंभारांची रेघ त्याने आधी बोटांनी, मातीत ओळखली होती.

1782 साली त्याने लग्न केले. असे सांगतात की ही बातमी ऐकून सर जोशुआ रेनॉल्ड्ससारख्या थोर चित्रकाराने त्याला म्हटले, आता कलावंत म्हणून तू संपलास! नवराबायकोने ते मनावर घेतले. पै पै जोडून 1787 साली दोघे रोमला गेली. दोन वर्षांसाठी म्हणून गेली आणि सात वर्षे राहिली. तिथे असताना एका इंग्रज बाईंच्या सांगण्यावरून त्याने होमरची चित्रे केली. मूळ चित्रे टाकाने, शाईत काढलेली. टोमासो पिरोली ह्या रोमन कारागिराने ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली आणि 1793 साली छापली. आपल्या फळ्यावर आहे ती त्या छापाची प्रतिकृती.

फ्लॅक्समन शिल्पकार होता, दगडात काम मिळावे म्हणून धडपडत होता. युरोपभर नाव झाले ते मात्र ह्या पातळ पुस्तकांमुळे. फ्रान्समध्ये अँग्रने आणि स्पेनमध्ये गोयाने त्याच्या रेघा गिरवल्या. विल्यम ब्लेक तर त्याचा मित्रच. 1805 च्या लंडन आवृत्तीतले काही पत्रे ब्लेकने स्वतः कोरले. जर्मनीत श्लेगेल ह्या टीकाकाराने 1799 साली ह्या चित्रांवर लेख लिहिला. त्याचे म्हणणे असे होते की पूर्ण रंगवलेले चित्र सगळे स्वतःच सांगून टाकते, तर नुसती बाह्यरेषा पाहणाऱ्याच्या कल्पनेला चालना देते आणि बाकीचे त्याच्याकडून करवून घेते.

हे म्हणणे ऐकायला गोड आहे. पण 'कल्पनेला चालना' म्हणजे नेमके काय? आपण चित्रासमोर उभे राहून पाहू.

पहिली गोष्ट, कागद. ह्या चित्रात पांढरा रंग एकच आहे, कागदाचा. रेघेच्या बाहेर तो आकाश आहे आणि रेघेच्या आत तोच पांढरा माणसाचे अंग आहे. कागदाला काहीही केलेले नाही. मधे फक्त केसाएवढी काळी रेघ आली. रेघेच्या एका बाजूला पोकळी, दुसऱ्या बाजूला मांस. हा चमत्कार आपण रोज पाहतो म्हणून आपल्याला चमत्कार वाटत नाही. अंगणात रांगोळीची रेघ पडली की आतली जमीन ही देवाची आणि बाहेरची पायांची होते, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट, शाई. पेन्सिल क्षमाशील असते. चुकले तर खोडता येते. तैलरंगात चुकीवर दुसरा थर देता येतो. शाई ऐकून घेत नाही. टाक खाली टेकला की खांद्यापासून कोपरापर्यंत हात कुठे वळणार, ह्याचा निर्णय झालेला असावा लागतो. रेघा थोड्या म्हणजे श्रम थोडे, असे समजू नका. श्रम आधी होऊन गेलेले असतात. फ्लॅक्समनच्या पुष्कळशा चित्रांत शाईखाली पेन्सिलीच्या चाचपडणाऱ्या रेघा असत. छापील पत्र्यावर त्या येत नाहीत. आपल्याला फक्त निकाल दिसतो, खटला दिसत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चित्रात तीन देह आहेत. तिन्ही एकाच जाडीच्या रेघेने काढलेले, तिन्हींच्या आत तोच पांढरा कागद. मेलेल्या माणसाला काळवंडलेला दाखवायला रंग नाही, देवांना तेज द्यायला सोने नाही. मग ह्यांतला कोण मेला आहे, हे तुम्हांला क्षणात कसे कळते? चित्राचे नाव सांगण्याआधीच तुम्ही ते ओळखले होते. ते कळते वजनावरून. दोघांच्या रेघांत ओढ आहे. त्या आपणहून कुठेतरी निघाल्या आहेत. तिसऱ्याची रेघ कुठेही निघालेली नाही. तिला दुसरे कोणी नेत आहेत.

आणि वजन ही डोळ्यांनी शिकण्याची गोष्ट नव्हे, मंडळी. ती खांद्यांना ठाऊक असते. आपल्यापैकी ज्यांनी कोणाला खांदा दिला आहे, त्यांना जिवंत माणूस उचलणे आणि गेलेला माणूस उचलणे ह्यांतला फरक कोणी सांगावा लागत नाही. जिवंत माणूस उचलताना आपल्याला थोडी मदत करतो, झोपलेले मूलसुद्धा गळ्याला मिठी मारते. गेलेला माणूस मदत करीत नाही. फ्लॅक्समनने ते वजन चित्रात काढलेले नाही. त्याने त्यासाठी जागा ठेवली आहे, आणि ते वजन आपण आपल्या खांद्यावरून आणून तिथे ठेवतो. 'कल्पनेला चालना' ती ही. चित्र अपुरे नाही, त्याचा एक भाग आपल्यापाशी आहे.

ह्याच प्रसंगाचे एक फार जुने चित्र आहे, त्याच्याशी हे ताडून पाहू. युफ्रोनिऑस नावाच्या अथेन्सच्या चित्रकाराने ख्रिस्तपूर्व 515 च्या सुमारास द्राक्षासवात पाणी मिसळण्याच्या एका मोठ्या भांड्यावर ते काढले. फ्लॅक्समनने ते भांडे कधीही पाहिले नाही. त्या वेळी ते इटलीत एका थडग्यात पुरलेले होते. 1971 साली चोरट्यांनी ते उकरले, 1972 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने दहा लाख डॉलरच्या घरात किंमत देऊन घेतले आणि 2008 साली ते इटलीला परत गेले. त्या भांड्यावर निद्रा आणि मृत्यू चिलखते घालून वाकले आहेत आणि सार्पेडॉनचा प्रचंड देह नुकता उचलू लागले आहेत. त्याचा डावा हात खाली लोंबतो आहे. जखमांतून रक्ताच्या धारा लागल्या आहेत. मधे हर्मिस हा देवांचा दूत उभा आहे आणि दोन्ही कडांना दोन योद्धे. काळ्या पृष्ठभागावर भाजल्या मातीच्या रंगाचे देह, आणि त्यांवर बारीक रेघांनी काढलेला एकेक स्नायू.

युफ्रोनिऑसने जमिनीवरचा क्षण घेतला, जिथे रक्त अजून ओले आहे. फ्लॅक्समनने नंतरचा क्षण घेतला. देह धुतला गेला आहे, युद्ध मागे पडले आहे, आता फक्त घरी नेणे उरले आहे. म्हणून त्याच्या चित्रात रक्त नाही. ते काढायचे राहिले नाही. कथेतच ते धुतले गेले आहे. कागदाचा कोरेपणा हीच इथे त्या स्नानानंतरची स्वच्छता आहे. रेघा कमी करायला कथेतच असे कारण असावे लागते. केवळ फॅशन म्हणून कमी केलेली रेघ उपाशी दिसते.

थोड्या रेघांचा हा मान प्राचीनांनाही ठाऊक होता. रोमन ग्रंथकार प्लिनी एक गोष्ट सांगतो. अपेलीज हा चित्रकार ऱ्होड्स बेटावर प्रोटोजिनीज ह्या दुसऱ्या चित्रकाराला भेटायला गेला. तो घरी नव्हता. कोण आले म्हणून सांगू, असे म्हातारीने विचारले तेव्हा अपेलीजने तिथल्या कोऱ्या फळीवर एक अतिशय बारीक रेघ ओढली आणि तो गेला. प्रोटोजिनीजने रेघ पाहताच माणूस ओळखला, आणि तिच्यावर वेगळ्या रंगात तिच्याहून बारीक रेघ ओढली. अपेलीज पुन्हा आला आणि त्याने तिसऱ्या रंगाच्या रेघेने दोन्ही दुभंगल्या. ती फळी पुढे रोममध्ये सीझरच्या वाड्यात होती आणि तिथल्या आगीत जळाली. थोर कलाकृतींच्या रांगेत ती जवळजवळ रिकामी दिसे, आणि लोक तीच पाहायला थांबत. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रातही सांगितले आहे की सामान्यांना रंग आवडतात, पण जाणकार आचार्य वाखाणतात ती रेघ.

इथे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की मग काय, कोणीही चार रेघा ओढाव्यात आणि आम्ही मान डोलवावी? मुळीच नाही. गटेसारख्या महाकवीने फ्लॅक्समनवर टीका केली, तीत काही तथ्य होते. हौशी लोक ह्याच्यावर भुलतात, असा तिचा रोख होता. फ्लॅक्समनची सगळीच चित्रे ह्या उंचीची नाहीत. काही नुसती सुबक आहेत, थंड आहेत. त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी तर त्या रेघेचा साचा करून टाकला.

मग पारख कोणती? मी जन्मभर मुलांची चित्रे तपासून एक साधी कसोटी काढली आहे, ती तुम्हांला देतो. चित्रापुढे उभे राहा आणि मनातल्या मनात त्यात एक गोष्ट घाला. थोडी छाया घाला, मागे एक डोंगर घाला. चित्र सुधारले, तर ते खरोखरच राहिले होते. बिघडले, तर ते झाले होते. मग उलट करा. एक रेघ मनातल्या मनात पुसा. काहीच बिघडले नाही, तर ती रेघ फुकटची होती. सार्पेडॉनच्या ह्या चित्राखाली रणांगण घालून पाहा. ते दोघे लगेच दोन सैनिक होतील आणि त्यांच्या हातांत एक प्रेत उरेल.

आता ह्या इंग्रज माणसाचा एक धागा आपल्यापर्यंत पोचतो, तो सांगतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ह्यांनी तंजावरला मराठ्यांचे राज्य स्थापले. त्या गादीवरचे दुसरे सरफोजीराजे हे विद्येचे मोठे चाहते. बृहदीश्वराच्या देवळातला लांबलचक मराठी शिलालेख त्यांनीच 1803 साली कोरवला. लहानपणी त्यांचा सांभाळ ज्यांच्या देखरेखीखाली झाला, ते श्वार्त्झ नावाचे जर्मन पाद्री 1798 साली वारले. त्यांच्या स्मारकाचे काम सरफोजींनी थेट लंडनला दिले, फ्लॅक्समनकडे. तंजावरच्या श्वार्त्झ चर्चमध्ये तो संगमरवरी फलक आजही आहे. पाद्री अंथरुणावर अखेरच्या घटका मोजीत पडले आहेत आणि मराठी राजा त्यांचा हात हातात घेऊन शेजारी उभा आहे. रोममध्ये ज्याने शाईच्या रेघेत जाणाऱ्याला नेणारे हात काढले, त्यानेच तंजावरसाठी दगडात जाणाऱ्याला धरणारा हात कोरला. फ्लॅक्समन 1826 साली वारला. हिंदुस्थानात तो कधीच आला नव्हता. तरीही मरणाच्या उशाशी हात कसा धरतात, हे त्याला कोणी लिहून कळवावे लागले नसेल.

आता त्या मुलाची आजी. माझ्या सांगण्याप्रमाणे आठ दिवसांनी त्याने चित्र परत आणले. आज्ञाधारक मुलगा होता. त्याने पाठीवर छाया घातली होती, लुगड्याला चौकडी काढली होती, नाक-डोळे काढले होते, मागे भिंत आणि भिंतीवर कॅलेंडरही होते. मी त्याला चांगले गुण दिले. चित्र माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आले, की म्हातारी उठून गेली आहे. आधीच्या चार रेघांत ती वाट पाहत बसली होती. कोणाची, ते ठाऊक नाही. पण पाठीच्या त्या एका कमानीत वाट पाहणे होते. आता तिथे एक लुगडे होते आणि एक कॅलेंडर होते.

मी त्या मुलाला बोलावून हे सांगायला हवे होते. सांगितले नाही. शिक्षकाने दिलेला शेरा मागे घ्यायचा नसतो, अशी माझी तेव्हा समजूत होती. त्याने पुढे शाईत चित्र काढून कधी आणले नाही. इतर मुलांसारखीच छान रंगवलेली चित्रे तो आणू लागला आणि मी त्यांना छान गुण देत राहिलो. पुष्कळ वर्षांनी एका ग्रंथालयात फ्लॅक्समनचे हे पान उघडले, आणि पहिल्यांदा जर काही आठवले असेल तर तो उंबरा.

इथे पालक बसले आहेत, शिक्षकही आहेत. सुट्टीचे दिवस आहेत, घरोघरी मुले कागद काळे करीत असतील. एखादे मूल चार रेघांचा कागद घेऊन तुमच्याकडे येईल. 'रंगव की' हे शब्द तोंडावर येतील. येऊ द्यात, पण क्षणभर दाताखाली धरा. त्या कागदाकडे पाहा, आणि एवढेच विचारा, "हे झाले का?" मूल जर म्हणाले की झाले, तर त्याच्यावर विश्वास ठेवून पुन्हा एकदा पाहा.

मघाच्या गृहस्थांना माझे उत्तर द्यायचे राहिले आहे. नाही साहेब, रंगवायचे राहिलेले नाही. पाहायचे तेवढे राहिले आहे. सभा संपल्यावर मी दिवा इकडे वळवून ठेवतो. ज्यांना सवड असेल त्यांनी दोनदोन, तीनतीन जणांनी जवळ यावे. घाई करू नये.